सर माझ्या हाताखाली होते ती वर्षं

सर, काल पेणला आपल्या कॉलेजात गेले होते. तिथल्या विभागप्रमुख बाईंचा फोन आला होता, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना ‘रसायनशास्त्रानंतर पुढे काय’ यावर थोडं सांगायला या म्हणून. नाही म्हणायचा कंटाळा आला, म्हणून हो म्हटलं. हल्ली माझे पुष्कळसे होकार असेच असतात. तुमच्या त्या लांबलचक प्रयोगशाळेच्या मध्ये आता भिंत घातली आहे आणि अर्ध्या भागात कॉम्प्युटर आहेत. आम्ही होतो तेव्हा वर्गात आम्ही तिघी मुली पहिल्या बाकावर अंग चोरून बसायचो. काल वर्ग मुलींनी भरला होता आणि पोरं मागे दोन बाकांवर. मी उभी राहिले, पाणी प्यायले, आणि तोंड उघडायच्या आधीच तुम्ही आमचा घेतलेला शेवटचा तास डोळ्यांपुढे आला.

त्या दिवशी तुम्ही शिकवलं नव्हतं. फळ्याच्या मध्यावर एक गोल काढून त्यात बी.एस्सी. लिहिलंत आणि त्यातून बाण काढत गेलात. एम.एस्सी., बी.एड., कंपनीतली लॅब, कंपनीतला प्लँट, औषधांची फिरती विक्री, सरकारी प्रयोगशाळा, स्पर्धा परीक्षा. एकेका बाणापाशी थांबून सांगत होतात, इथे काय लागतं, इथे कोण टिकतं. तेव्हा तुम्ही आमच्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, बस. मागून कुणीतरी विचारलं, “सर, तुम्ही यातल्या कुठल्या बाणावर?” वर्ग हसला. तुम्हीही हसलात आणि म्हणालात, “मी अजून गोलातच आहे. ऑर्डर निघाली की सांगतो.” ऑर्डर म्हणजे कायम नेमणुकीची. तुम्ही तासिका तत्त्वावर होतात, म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्याचेच पैसे, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. आम्हाला तुम्ही म्हणजे कॉलेजच वाटायचात.

मी कंपनीचा बाण धरला तो तुमच्यामुळे. रोह्याला धाटावच्या वसाहतीत एका कंपनीच्या लॅबमध्ये जागा आहे आणि मुलगी चालेल, असं तुम्हाला कळलं, आणि मी घरी सांगायला धजत नाही हे बघून तुम्ही स्वतः खाडीकाठच्या आमच्या गावी आलात. सायकल बांधावरून ढकलत आलात, चपला चिखलाने भरलेल्या. अप्पा नुकतेच मिठागरावरून आले होते, पायांना मिठाचे पांढरे ओघळ सुकलेले. आई चुलीपाशी घाबरीघुबरी, कारण घरात सुकट शिजत होती आणि मास्तर खाणारे नव्हेत. तिने धावपळ करून वालाचं बिरडं केलं. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच पाटावर बसलात आणि अप्पांशी बोलू लागलात.

“मास्तर, पोरगी पंधरावी झाली, बरा झाला,” अप्पा म्हणाले. “आता कंपनीत जाऊन करनार काय ती? तिथं सगले बाप्ये.”

“ती लॅबमध्ये असेल.”

“लाब म्हंजे?”

“तपासणीची खोली. माल चांगला निघाला की नाही ते ही सांगणार. हिची सही झाल्याशिवाय गाडी गेटाबाहेर जायची नाही.”

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग तुमच्याकडे. “हिचा ऐकतील?”

“ऐकावंच लागेल. तिथे बाई-बाप्या चालत नाही, आकडा चालतो.”

“आनि लगीन?”

“लग्न तुम्ही करा, त्यात मी नाही पडत,” तुम्ही म्हणालात. “मी नोकरीचं बोलायला आलोय.”

आई चुलीकडून म्हणाली, “जाऊ द्या ना तिला. नाय जमला तर येल परत.” ती माझ्याकडे बघत बोलत होती, पण सांगत होती अप्पांना. अप्पांनी पायावरचं सुकलेलं मीठ खरवडलं. मग म्हणाले, “बिरडा घ्या अजून, मास्तर.” तो होकार होता. पहिल्या दिवशी कंपनीत जाण्याआधी मी तुम्हाला भेटायला आले, तर तुम्ही तुमचा धुतलेला, इस्त्री केलेला ॲप्रन माझ्या हातात ठेवलात. बाह्या बोटांच्या पुढे जात होत्या. “दुमडून घे,” म्हणालात, “तिथे मिळेपर्यंत चालेल.” तिथे मिळायला बरेच महिने लागले, सर. तोवर मी तुमच्या बाह्या दुमडून ब्युरेट भरत होते.

पुढची वर्षं कशी गेली हे लिहायला बसले तर सगळी एकसारखीच दिसतात. सकाळची एसटी, नागोठण्याला थांबा, भिसे खिंड, रोहा, मग कंपनीची गाडी. पावसात अंबा नदी रस्त्यावर आली की नागोठण्याला अडकून पडायचं आणि दुसऱ्या दिवशी खाडा का झाला म्हणून ऐकून घ्यायचं. आमची कंपनी रंगांच्या कारखान्यांना लागणारी मधली रसायनं करायची. प्लँटमधून बाटलीत नमुना यायचा, आम्ही तपासायचो, पास की नापास ते कळवायचो. नापास म्हटलं की प्लँटवाले भांडायला यायचे. केसांना, ओढणीला, डब्यातल्या भाजीलासुद्धा तो कडवट वास लागायचा. लग्न झालं, रोह्यातच घर केलं, मुलगा झाला, वासाची सवय झाली. बाहेरचे लोक नाक मुरडायचे तेव्हा मला आठवायचं की वास आहे. हळूहळू मी लॅबची प्रमुख झाले. तुम्हाला भेटणं दिवाळीला, तेही कधीतरी. दर वेळी मी विचारायचे, “सर, ऑर्डर?” आणि दर वेळी तुम्ही नवीन काहीतरी सांगायचात. नेट-सेटचा नियम आला. मग जागाच मंजूर नाही म्हणाले. मग मंजूर झाली, पण ती तुमच्या प्रवर्गाची नव्हती. मग मी विचारायचं सोडून दिलं. मला वाटलं, तेच बरं.

आणि मग तो मुलाखतींचा दिवस. लॅबला एक केमिस्ट हवा होता, कनिष्ठ, शिफ्टला येणारा. टेबलाच्या अलीकडे मी आणि मुंबईहून आलेला मनुष्यबळ विभागाचा एक तरुण अधिकारी. बाहेर पोरांची रांग. शिपायाने पुढचा अर्ज आणून ठेवला, मी नाव वाचलं आणि वाटलं, दुसरं कुणी असेल. तुम्ही आत आलात. डोक्यावर केस विरळ झालेले, निळा शर्ट कडक इस्त्रीचा. मी उठून उभी राहिले. अधिकारी माझ्याकडे बघत राहिला. तुम्ही हाताने मला बसायची खूण केलीत, वर्गात करायचात तशीच, आणि समोरच्या खुर्चीत बसलात.

“इतकी वर्षं काय केलंत?” त्याने विचारलं.

“शिकवलं.”

“मग आता सोडायचं कारण?”

“मी सोडलं नाही. त्यांनी तास बंद केले.”

“इंडस्ट्रीचा अनुभव?”

“नाही.”

त्याने पेन खाली ठेवलं आणि मला म्हणाला, “मॅडम, टेक्निकल तुम्ही विचारा.” तुमची परीक्षा मी घ्यायची! मी विचारलं, आम्ल आणि अल्कलीच्या टायट्रेशनला कुठला दर्शक वापरतात. तुमच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी कधी विसरले नाही. राग नव्हता तो, खट्टू झाला होतात तुम्ही.

“हा अकरावीचा प्रश्न आहे,” तुम्ही म्हणालात. “बाहेरच्या पोरांना विचारलास तोच विचार.”

बाहेरच्या पोरांना मी एचपीएलसीचं विचारत होते, मिश्रणातले घटक वेगळे काढून पडद्यावर प्रत्येकाचं शिखर दाखवणारं ते यंत्र. तुम्हाला विचारलं. तुम्ही तत्त्व सांगितलंत, भाग सांगितलेत, कुठलं शिखर आधी येईल आणि का तेही सांगितलंत. इतकं नीट उत्तर त्या दिवशी कुणीच दिलं नव्हतं. अधिकारी खूश झाला. “कुठल्या मेकच्या यंत्रावर काम केलंत?”

“कुठल्याच नाही,” तुम्ही म्हणालात. “मी दर वर्षी ते फळ्यावर काढतो. प्रत्यक्ष पाहिलं नाही कधी.”

तुम्ही बाहेर गेल्यावर तो म्हणाला, वय जास्त आहे, यंत्राला हात लावलेला नाही, शिवाय मला अवघड जाईल. मी म्हटलं, “यंत्र शिकवता येतं. बाकीचं यांना येतं.” ओळख म्हणून मी तुम्हाला घेतलं असं पुढे काहीजण म्हणाले. थोडं होतंही ते. पण त्या रांगेत तुमच्याएवढं रसायन कुणाला येत नव्हतं, हेही खरं होतं.

तुम्ही रुजू झालात त्या दिवशी स्टोअरमधून तुमच्या मापाचा ॲप्रन मी स्वतः जाऊन आणला. लॅबमध्ये तेव्हा माझ्या हाताखाली मोजकी माणसं होती, त्यांतला सगळ्यांत हुशार म्हणजे हमरापूरकडचा एक पोरगा. त्याच्या काकांचा गणपतीचा कारखाना होता, तिकडे मूर्तींच्या शाळेलाही कारखानाच म्हणतात. हा घरातला पहिला पदवीधर. यंत्रावर त्याचा हात असा बसलेला की आवाजावरून त्याला बिघाड कळायचा. मी त्यालाच सांगितलं, सरांना दाखव. तो तुम्हाला खोलीत घेऊन गेला, नमुना आत सोडला, आणि पडद्यावर रेघ सरळ चालत राहिली. तुम्ही खुर्ची न घेता उभेच. मग रेघ उचलली, पहिलं शिखर चढलं, उतरलं. तुम्ही इतक्या जवळ वाकलात की काचेवर श्वासाचा डाग पडला.

“मी फार टोकदार काढायचो,” तुम्ही म्हणालात. “खरं गोलसर असतं.”

पोरगा हसला. तुम्हीही. त्या दिवसापासून तो तुम्हाला मास्तर म्हणू लागला आणि तुम्ही त्याला प्रश्न विचारून भंडावू लागलात. त्याला यंत्र येत होतं, पण ते तसं का वागतं ते ठाऊक नव्हतं. डबा खाताना तुम्ही त्याला ते सांगायचात. दोघांचं इतकं जमलं की मला कधी कधी हेवा वाटायचा.

चार माणसांत तुम्ही मला मॅडम म्हणायचात. मला ते ऐकवत नसे. मी तुम्हाला हळूहळू बाजूला ठेवू लागले, चांगल्या हेतूने. प्लँटमध्ये नमुना आणायला दुसऱ्याला पाठवायचे, तुम्हाला नोंदी तपासायला बसवायचे, रात्रपाळी लावायची नाही. एके दिवशी दुपारी तुम्ही माझ्या टेबलापाशी आलात. लॅब भरलेली होती.

“मला शिडीवर चढता येतं,” तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात. “गॅसचा मास्क लावता येतो. मी तुझा शिक्षक होतो ते कॉलेजात. इथे केमिस्ट म्हणून पगार घेतोय, तर केमिस्टचं काम दे. देव्हाऱ्यात बसवू नकोस.”

मॅडम म्हणायचं राहून गेलं होतं त्या भरात. मला रडू येईल असं वाटलं, पण बरंही वाटलं. कित्येक वर्षांत मला कुणी असं हक्काने झापलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यापासून तुम्ही सगळ्या पाळ्या केल्यात. प्लँटवाल्यांशी भांडलात. तुमचे निळे शर्ट पिवळट पडले, बोटांना डाग बसले. संध्याकाळी गाडीत बसल्याबरोबर तुम्हाला झोप लागायची, मान खिडकीला टेकलेली, तोंड थोडं उघडं. मी बघायचे आणि बाहेर बघायला लागायचे.

मग मंदी आली. मागणी पडली, गुजरातेतून स्वस्त माल येऊ लागला, वसाहतीतल्या एकेका कंपनीची चिमणी थंड पडली. आमच्या प्लँटच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. तेही थकलेले होते बिचारे, त्यांनाही वरून सांगितलेलं. “लॅबमधून एक माणूस कमी करायचा आहे. कोण, ते तुम्ही ठरवा.” मी कुणाला काही बोलले नाही, पण कंपनीत असलं लपत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वजनकाट्याच्या खोलीत होते. लहान खोली, दार लावूनच काम करायचं, कारण वाऱ्याने काटा हलतो. तुम्ही आत आलात आणि दार लावलंत. मला वाटलं, तुम्ही म्हणणार, मला काढ, पोरं राहू देत. खरं सांगते, मी त्या वाक्याची तयारीही करून ठेवली होती, नाही कसं म्हणायचं याची. तुम्ही काट्याकडे बघत म्हणालात, “मला काढू नकोस.”

मी हातातली बाटली काट्याशेजारी ठेवली.

“मुलगी बारावीला आहे. मला आता दुसरीकडे कुणी उभं करणार नाही. इथेसुद्धा तू होतीस म्हणून...” पुढचं तुम्हाला बोलवेना. “तो पोरगा माझ्याहून चांगला आहे, मला माहीत आहे. तरी सांगतोय.”

तुम्ही गेलात. काट्यावरचा आकडा किती तरी वेळ स्थिर होत नव्हता. आदर्श शिक्षकांच्या गोष्टी शाळेत ऐकलेल्या असतात ना, सर, त्यांत असं कुणी येऊन म्हणत नाही. त्या क्षणी तुम्ही मला आजवर वाटला होतात त्याहून लहान वाटलात, आणि कितीतरी जवळचेही. गोलात उभं राहून वाट बघणाऱ्या माणसाला आता कुठे एक बाण मिळाला होता, तो सोडायला तुम्ही तयार नव्हतात. का सोडावात?

मी पोराला बोलावलं. कारणं सांगितली, मंदीची, वरून आल्याची. त्याने शांतपणे ऐकलं.

“मॅडम, माझं काय चुकलं?”

“काही नाही.”

“मग मीच का?”

“तू तरुण आहेस. तुला काम येतं. तुला कुठेही मिळेल.”

“म्हंजे मना काम येतं म्हनून काढला,” तो म्हणाला. लॅबमध्ये तो कधी घरची बोली बोलायचा नाही. ॲप्रन काढून त्याने घडी केली, माझ्या टेबलावर ठेवली आणि गेला. तुमच्या टेबलाजवळून जाताना तुमच्याकडे त्याने पाहिलं नाही. तुम्ही पिपेट धूत होतात आणि धूतच राहिलात.

तो निर्णय मी आजही तसाच घेईन. पण तो घेताना बरं वाटलं नव्हतं आणि आजही वाटत नाही. त्याला कुठेही मिळेल म्हणाले होते, तर त्याला कुठेच मिळालं नाही. वसाहतीत भरतीच बंद होती. गुजरातेत जायला आईने सोडलं नाही. तो काकांच्या कारखान्यात मूर्तींना पॉलिश पेपर मारायला लागला, असं कुणीतरी सांगितलं.

त्यानंतर तुम्ही गप्प झालात. डबा एकटेच खायचात. मग एकदा तुमच्या मिसेसचा फोन आला, “हल्ली दर रविवारी ओव्हरटाइम असतो का हो?” मी गोंधळले. म्हटलं, विचारून सांगते. तुम्हाला विचारलं, तर तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, “हमरापूरला जातो.” आणि मग, माझा चेहरा बघून, “येतेस?”

पुढच्या रविवारी मी आले. कारखान्याच्या मागे पत्र्याची शेड, आत शाडूच्या मूर्ती ओळीने मांडलेल्या, अजून न रंगवलेल्या, सगळ्यांचे डोळे कोरे. तो पोरगा डब्यात काहीतरी ढवळत होता. पहिल्या रविवारी तुम्ही गेलात तेव्हा तो तुमच्याशी बोललाच नाही, हे मला काकांनी तिथेच सांगितलं. तुम्ही दारातल्या फळीवर बसून राहिलात, चहा प्यायलात आणि निघून आलात. दुसऱ्या खेपेलाही तेच. मग कधीतरी तुम्ही मूर्तीच्या पितांबराला बोट लावलंत, बोट पिवळं झालं, आणि तुम्ही विचारलंत, “हा रंग हाताला का येतो रे?” तो फणकाऱ्याने म्हणाला, “सगल्यांचाच येतो.” तुम्ही म्हणालात, “ते उत्तर नाय झालं.” तिथून सुरुवात झाली. पाण्यात विरघळणारा, पण हाताला न लागणारा, आणि शाडूवर तडे न जाणारा रंग हवा होता. डिंक बदलून बघा, सरस बदलून बघा, कशात काय किती, असं तुमचं दोघांचं चाललेलं. तुम्ही गंजीफ्रॉकवर होतात, कोपरापर्यंत पिवळे. “अरे आधी विरघळू दे पूर्ण! घाई कसली झालीय?” तुमचा आवाज कॉलेजातला होता. मी बाजूला बसून राहिले. पोराने मला चहा आणून दिला, बशी खाली ठेवली, आणि एक शब्द न बोलता परत डब्याकडे गेला. तेवढं मला पुरेसं होतं. पुष्कळ होतं.

ते जमलं, सर, हे तुम्ही पाहिलंतच. आधी काकांच्या मूर्तींना, मग शेजारच्यांना, मग पेणमधल्या कारखान्यांना पोरगा तो रंग द्यायला लागला. तुमची मुलगी शिकून नोकरीला लागली. तुम्ही निवृत्त झालात, आणि वर्षही झालं नव्हतं, तर एके दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. मी बाहेरून आलेल्या तपासणीवाल्या लोकांबरोबर होते. फोन आला. त्यांना अर्धवट सोडून निघता येईना. एकेक कपाट उघडून दाखवत होते, हसत होते, आणि आत सारखं चाललेलं की सर गेले, सर गेले. पोचले तेव्हा तुम्हाला नेलं होतं. अंगणात तो पोरगा एकटा बसला होता, केसांत पांढरं दिसायला लागलेलं. मी शेजारी बसले. त्याला काढलं त्या दिवसानंतर पहिल्यांदाच तो माझ्याशी सरळ बोलला.

“मास्तरांनी माझी माफी नाय मागितली कधी,” तो म्हणाला. “मागितली असती तर मी हाकलला असता. रंगाचा विचारला, बरा केला.”

या गोष्टीलाही आता बरीच वर्षं झाली. काल त्या वर्गापुढे मी सगळं सांगितलं, म्हणजे जे सांगायचं असतं ते. औषधांच्या कंपन्या, गुणवत्ता विभाग, पाणी आणि अन्नाच्या प्रयोगशाळा, परवान्यांची कागदपत्रं सांभाळणारी कामं, एम.एस्सी. कुठे करावं, बी.एड. केव्हा करावं. कंत्राटावर घेतात हेही सांगितलं. वर्षभराचं पत्र देतात, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा वर्षभर. मुली लिहून घेत होत्या. गणपतीच्या रंगांचंही सांगितलं, तिथे आता रंग तपासायला दोन पदवीधर मुली आहेत म्हणून, तर त्या हसल्या. हा बाण कुणाच्याच फळ्यावर नव्हता ना. नागोठण्याच्या एका मुलीने शेवटी हात वर केला. तिचा भाऊ तिकडच्या मोठ्या प्रकल्पात कंत्राटावर आहे, कायम कधी होणार ते कुणी सांगत नाही, असं तिनेच सांगितलं. मग म्हणाली, “मॅडम, परत निवडायचं झालं तर तुम्ही केमिस्ट्रीच घ्याल?”

मी लगेच हो म्हटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती मुलगी तेवढी वाजवत नव्हती, नुसती बघत होती. ती हुशार आहे, सर. तुम्हाला आवडली असती.

परतीच्या एसटीत मी त्या प्रश्नाचा विचार करत होते. केमिस्ट्री घेतलीच असती, दुसरं मला काही आवडलंच नाही कधी. नापास नमुना नापास म्हणून सांगताना जे बळ येतं, ते मला दुसऱ्या कशाने आलं नसतं. अप्पा मरेपर्यंत गावात सांगत होते की माझ्या पोरीच्या सहीशिवाय गाडी हलत नाय. हे सगळं खरं आहे. पण ती विचारत होती ते बहुधा याबद्दल नव्हतं. ती विचारत होती, शेवटी माणूस कसा राहतो. त्याचं उत्तर मी दिलं नाही. मला येत नव्हतं असंही नाही.

महिनाअखेर मी निवृत्त होतेय. कंपनीने विचारलंय, सल्लागार म्हणून आणखी दोन वर्षं थांबाल का. नवीन मुली आहेत, त्यांना कुणीतरी शिकवायला हवं. सोमवारी उत्तर द्यायचं आहे. नवरा म्हणतो थांब, मुलगा म्हणतो घरी बसून काय करशील, मोठे साहेब तर गृहीतच धरून बसलेत. मी सगळ्यांना बघू म्हणतेय, आणि बघू म्हणजे हो, हे सगळ्यांना माहीत आहे.

तुमच्या घरी आता दुसरी माणसं राहतात, त्यामुळे हे कागद पाठवायचे तरी कुठे. शिवाय तुम्ही असतात तरी मी ते दिले नसते. तुम्ही गाडीत झोपायचात तरी दमलो म्हणाला नाहीत कधी, आणि मग तुमच्यासमोर मला कसं म्हणवलं असतं? पण आता विचारणारं कुणी नाही, म्हणून लिहिते. मला नाही थांबायचं, सर. मी दमले आहे.